विश्लेषण : क्लच पूर्ण दाबूनही गिअर का पडत नाही? जुन्या स्पोर्ट्स कारमधील दोष शोधायचा कसा?

तीस-पस्तीस वर्षांची दोन आसनी स्पोर्ट्स कार. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू होते, आवाजही खणखणीत. मात्र क्लच तळापर्यंत दाबून रिव्हर्स टाकायला जावे तर ‘खर्रर्र’ आवाज येतो. पहिला गिअर टाकताना दांडा अडतो आणि जोर लावून गिअर पडलाच, तर क्लचवर पाय असतानाही गाडी पुढे सरकू लागते. अशा वेळी गॅरेजमध्ये मिळणारे उत्तर जवळपास ठरलेले असते : ‘क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ कधी ते खरे असते. पण अनेकदा खरा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर, पाना घालून सहज निघणाऱ्या एखाद्या छोट्या सिलिंडरमध्ये असतो. दोन्ही दुरुस्त्यांच्या खर्चात आणि वेळेत मोठे अंतर आहे. त्यामुळे पाना हाती घेण्याआधी निदान कोणत्या क्रमाने करायचे, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

क्लच ‘घसरणे’ आणि क्लच ‘न सुटणे’ यांत फरक काय?

क्लचची कामे दोन. पेडलवर पाय नसताना इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवायची आणि पेडल दाबल्यावर ती पूर्ण तोडायची. पहिल्या कामात बिघाड झाला की क्लच घसरतो, म्हणजेच ‘स्लिप मारतो’. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी तेवढा वेग घेत नाही. जळका वासही येतो. हा दोष बहुतेक वेळा झिजलेल्या किंवा तेल लागलेल्या क्लच प्लेटचा असतो.

दुसऱ्या कामातील बिघाड याच्या बरोबर उलटा आहे. पेडल दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नाही आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच राहतो. फिरत्या शाफ्टवर गिअर टाकायचा म्हणजे चालत्या पंख्यात हात घालण्यासारखेच. म्हणून दात एकमेकांवर आपटतात, आवाज येतो, दांडा अडतो. यात प्लेट झिजलेली असेलच असे नाही. नव्याकोऱ्या प्लेटवरही हा दोष दिसू शकतो. नेमकी इथेच गल्लत होते. दोन्ही तक्रारींना मालक ‘क्लचचा प्रॉब्लेम’ म्हणतो आणि दोन्हींवर प्लेट बदलण्याचा एकच उपाय सुचवला जातो.

उदाहरण म्हणून माझदा एमएक्स-५ का?

माझदाने ही दोन आसनी, छप्पर उघडता येणारी कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो मोटर शोमध्ये सादर केली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ आणि जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ म्हणून ओळखली गेली. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, हलके वजन आणि हाताने टाकायचे गिअर असा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा साचा तिने विश्वासार्ह जपानी यंत्रात उतरवला. एप्रिल २०१६ मध्ये या मॉडेलची दहा लाखावी गाडी तयार झाली. पहिल्या पिढीतील गाड्या आता तिशी ओलांडून गेल्या आहेत आणि अमेरिका, ब्रिटन, जपानमध्ये त्या हौसेने सांभाळल्या जातात. आपल्याकडे ‘माझदा’ म्हटले की स्वराज माझदाची मिनीबस किंवा टेम्पो आठवतो. एमएक्स-५ भारतात कंपनीकडून अधिकृतपणे विकली गेली नाही.

क्लचचा दोष समजून घेण्यासाठी ही गाडी सोयीची आहे, कारण तिची रचना सरळ आहे. क्लच हायड्रॉलिक आहे आणि तो दाबणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर, उजव्या अंगाला दोन बोल्टांवर बसवलेला आहे. या गाडीच्या मालकांमध्ये हाच सिलिंडर सर्वात आधी संशयाच्या घेऱ्यात येतो. वयानुसार त्यातील रबर थकते आणि तो गळू लागतो.

पेडलपासून प्लेटपर्यंत काय घडते?

मारुती ८०० सारख्या गाडीत क्लचला केबल असते. पेडल दाबले की तार ओढली जाते. हायड्रॉलिक क्लचमध्ये तारेची जागा ब्रेक ऑइल घेते. पेडलला जोडलेला दांडा, म्हणजे पुशरॉड, मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ढकलतो. तेथून ऑइल पाइपमधून आणि शेवटच्या टप्प्यात रबरी होजमधून स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जाते. स्लेव्हचा पिस्टन क्लच फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे दाबते. बोटे दाबली गेली की प्रेशर प्लेट मागे हटते आणि मधली क्लच प्लेट मोकळी होते.

या साखळीत प्रत्येक टप्प्यावर हालचाल कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. डाव्या पायाच्या ताकदीने भक्कम स्प्रिंग दाबता येते ती त्यामुळेच. मात्र याच सोयीत दोषाचे मूळही दडलेले आहे.

थोडीशी गळतीही इतकी का भोवते?

समजण्यासाठी ढोबळ आकडे घेऊ. पेडल १२० मिलिमीटर खाली जाते आणि पेडलचे गुणोत्तर ६ ला १ आहे, असे धरले तर मास्टरचा पिस्टन २० मिमी सरकतो. मास्टरचा व्यास १५.८७ मिमी आणि स्लेव्हचा १९.०५ मिमी असेल (इंचांत ५/८ आणि ३/४), तर दोघांच्या क्षेत्रफळाचे प्रमाण १.४४ येते. म्हणजे स्लेव्हचा पिस्टन सुमारे १४ मिमी पुढे येतो. फोर्कवर ही हालचाल निम्मी झाली तर बेअरिंग ७ मिमी सरकते. स्प्रिंगच्या बोटांवर ती आणखी चौपट घटते आणि प्रेशर प्लेट प्रत्यक्षात पावणेदोन मिमीच हटते.

यातीलही निम्मा भाग क्लच प्लेट स्वतःच खाते. गाडी झटका न देता सुटावी म्हणून प्लेटच्या दोन थरांमध्ये लहरी आकाराच्या पातळ स्प्रिंगा असतात. दाब निघाला की प्लेट किंचित फुगते. त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून उरणारी खरी मोकळीक मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

आता स्लेव्हच्या हालचालीतील फक्त ४ मिमी हरवले असे समजू. प्लेटपाशी त्याचा अर्थ अर्धा मिमी कमी मोकळीक असा होतो. इतके नुकसान प्लेट घासायला पुरेसे आहे. आणि स्लेव्हमधील ४ मिमी म्हणजे किती ऑइल? सुमारे १.१ मिलिलिटर. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावते. त्याच्या पाव भागाहूनही कमी ऑइल गळले किंवा तेवढ्या आकाराचा हवेचा बुडबुडा पाइपमध्ये अडकला, की गिअर पडेनासा होतो. ऑइल दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर बुडबुडा चिरडण्यातच खर्च होतो आणि पिस्टन होता तिथेच राहतो. एखादी गाडी काल ठीक होती आणि आज गिअर घेत नाही, याचे उत्तर अनेकदा या छोट्या आकड्यात असते.

पहिली चाचणी कोणती?

पहिल्या चाचणीला कोणतेही हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहायचे. मग इंजिन सुरू करून तेच करायचे. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच सुटत नाही हे जवळपास नक्की. इंजिन बंद असतानाही दांडा जड असेल तर संशय दांड्याच्या यंत्रणेवर किंवा गिअरबॉक्सवर घ्यावा. एमएक्स-५ मध्ये गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवर बसतो आणि त्याच्या बुडाशी स्वतंत्र तेल असते. ते आटले किंवा तेथील रबर फाटले तरी गिअर टाकणे कष्टाचे होते. त्यात क्लचचा काही दोष नसतो.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबायचे आणि मग हळूच रिव्हर्स टाकायचा. बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणजे फिरत्या शाफ्टचा वेग जुळवून घेणारी पितळी रिंग नसते. क्लच नीट सुटत असेल तर थांबलेल्या वेळात शाफ्ट स्थिरावतो आणि गिअर शांतपणे पडतो. इतके थांबूनही खरखर आली तर शाफ्टला कुणीतरी अजून फिरवते आहे. ही चाचणी मोकळ्या सपाट जागेत, ब्रेकवर पाय ठेवून करावी. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये.

तिसरी चाचणी पंपाची. क्लच दोन-तीन वेळा भराभर दाबला आणि लगेच गिअर टाकला तर तो पडतो का? पडत असेल तर दोष हायड्रॉलिक यंत्रणेत आहे. प्रत्येक दाबाबरोबर टाकीतून थोडे जास्त ऑइल पाइपमध्ये जाते आणि हरवलेली हालचाल तात्पुरती भरून निघते. वाकलेली प्लेट किंवा जाम झालेले बेअरिंग पेडल पंप केल्याने बरे होत नाही.

ऑइलची टाकी काय सांगते?

बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरवरील छोटी टाकी पाहायची. इथे एक गोष्ट ब्रेकपेक्षा वेगळी आहे. ब्रेक पॅड झिजले की ब्रेकच्या टाकीतील ऑइल खाली जाते, त्यात गळती नसतानाही पातळी घटते. क्लचमध्ये मात्र प्लेट झिजत जाते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो. परिणामी टाकीतील पातळी किंचित वाढते. म्हणून क्लचच्या टाकीत ऑइल कमी झाले असेल तर ‘झिजेमुळे झाले असेल’ हे कारण चालत नाही. ते कुठेतरी गळते आहे.

रंगही बोलतो. ताजे ऑइल फिकट, मधासारखे असते. काळेभोर ऑइल म्हणजे सिलिंडरमधील रबर झिजून त्यात मिसळते आहे किंवा ते वर्षानुवर्षे बदललेले नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ दर्जाचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. गाडी थंड असताना क्लच ठीक आणि तासभराच्या वाहतूक कोंडीनंतर बिघडतो, अशा तक्रारीत जुने ऑइल आणि एग्झॉस्टची उष्णता यांची जोडी तपासून पाहावी लागते.

मास्टर गेला की स्लेव्ह?

दोघांची लक्षणे वेगळी आहेत. गाडीच्या आत, क्लच पेडलच्या वरच्या टोकाला पुशरॉड जिथे भिंतीत शिरतो तिथे बोट फिरवावे. ओल लागली किंवा कार्पेट चिकट झाले असेल तर मास्टरचे मागचे रबर गळते आहे. स्लेव्हच्या टोकावरील रबरी टोपी हलकेच मागे सारून पाहावी. आतून ऑइल टपकले तर स्लेव्ह गेला. जमिनीवर थेंब दिसण्याची वाट पाहू नये. टोपी बराच काळ ऑइल साठवून ठेवते, त्यामुळे बाहेरून सिलिंडर कोरडा दिसू शकतो.

सर्वात फसवा दोष मास्टरच्या आतला. त्यात बाहेर एक थेंबही येत नाही. पिस्टनच्या पुढचे रबर झिजलेले असते आणि दाबलेले ऑइल त्याच्या कडेने मागे निसटते. पेडल पटकन दाबले तर गिअर पडतो. पण सिग्नलला क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये थांबले की दहा-वीस सेकंदांत पेडल पायाखाली खचते आणि गाडी आपोआप पुढे सरकू लागते. समोर रस्ता ओलांडणारी माणसे असतील तर हा प्रकार केवळ गैरसोयीचा राहत नाही.

रबरी होजही विसरू नये. जुना होज आतून कुजतो. मदतनिसाने पेडल दाबताना होजवर हात ठेवला आणि तो फुगताना जाणवला, तर ऑइल पिस्टन ढकलण्याऐवजी होज फुगवते आहे. याशिवाय पेडलच्या पिनचे भोक झिजून लांबट होणे, पेडल धरणाऱ्या पट्टीला तडा जाणे हे वयाचे आजार आहेत. त्यांतही काही मिलिमीटर हरवतात.

निर्णायक मोजमाप कोणते?

एवढे पाहूनही शंका उरली तर एक मोजमाप वाद मिटवते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाकांना अडसर आणि गाडी भक्कम स्टँडवर. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. एकाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबायचे आणि दुसऱ्याने स्लेव्हचा दांडा किंवा फोर्कचे टोक किती सरकते ते पट्टीने मोजायचे. हा आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहायचा.

हालचाल कमी भरली तर दोष पेडल, मास्टर, होज, स्लेव्ह किंवा अडकलेली हवा यांपैकी कशात तरी आहे. गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. हालचाल पूर्ण आहे आणि तरीही गिअर अडतो, तर मात्र दोष आत आहे. गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय या मोजमापानंतर घेतला तर तो अंदाजावर उभा नसतो.

दोष आत असेल तर काय असू शकते?

पहिली शक्यता प्लेट चिकटण्याची. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ओलाव्याने फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि प्लेट त्याला धरून बसते. आपल्याकडे हा अनुभव ट्रॅक्टरवाल्यांना नवा नाही. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा क्लच चिकटतो. काही ट्रॅक्टरना तर साठवणीच्या काळात पेडल दाबलेले ठेवण्यासाठी खास अडकणही दिलेले असते.

दुसरी शक्यता पायलट बेअरिंगची. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या मागे बसवलेल्या या छोट्या बेअरिंगमध्ये टेकलेले असते. ते जाम झाले तर क्लच प्लेट पूर्ण मोकळी असूनही क्रँकशाफ्ट त्या टोकाला धरून शाफ्ट फिरवतो. क्लच दाबल्यावर येणारा कर्कश आवाज ही त्याची एक खूण असू शकते.

तिसरी, शाफ्टच्या खाचांवर गंज चढल्याने प्लेटला मागे-पुढे सरकता न येणे. चौथी, फोर्क वाकणे किंवा त्याचा टेकू झिजणे. पाचवी, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचे बोट तुटणे. आणि क्लचचे काम नुकतेच झालेले असेल तर आणखी एक साधी शंका घ्यावी : प्लेट उलटी तर बसली नाही? बसवताना गिअरबॉक्सचे वजन शाफ्टवर टांगले जाऊन प्लेट वाकली तर नाही? नवा क्लच टाकल्यावरच सुरू झालेला दोष वयाचा नसून बहुधा हाताचा असतो.

पुशरॉड फिरवण्याचा सोपा उपाय का महागात पडतो?

गिअर अडू लागला की काही जण पेडलजवळचा नट सैल करून पुशरॉड लांब करतात. पेडल वर येते, हालचाल वाढते, गिअर पडू लागतो. समायोजनच चुकलेले असेल तर हा उपाय योग्यही आहे. पण गळके रबर झाकण्यासाठी तो केला तर दोन धोके उभे राहतात.

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे उघडणारे एक बारीक छिद्र असते. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे येऊन हे छिद्र मोकळे झाले पाहिजे, म्हणजे गरम होऊन फुगलेले ऑइल टाकीत परतते. यासाठी पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात थोडी मोकळीक ठेवलेली असते. पुशरॉड जास्त लांब केला की ही मोकळीक संपते आणि छिद्र बंदच राहते. ऑइल गरम होऊन फुगले की ते स्लेव्हला ढकलत राहते, जणू पेडलवर कोणी कायम पाय ठेवला आहे. मग न सुटणारा क्लच घसरू लागतो आणि चांगली प्लेट जळते. दुसरा धोका असा, की खरा दोष महिनाभर झाकला जातो आणि पुढे भर रस्त्यात पेडल एकदम तळाला जाते. म्हणून मोकळीक मॅन्युअलप्रमाणे ठेवावी आणि हरवलेले मिलिमीटर कुठे गेले ते शोधावे.

दुरुस्ती करताना काय जपावे?

मास्टर किंवा स्लेव्हपैकी एक गेला आणि दोघेही सारख्याच वयाचे असतील, तर दोन्ही एकत्र बदलणे शहाणपणाचे मानले जाते. सोबत रबरी होजही बदलावा. जुन्या सिलिंडरची आतली भिंत गंजून खडबडीत झाली असेल तर नुसते रबर किट टाकून भागत नाही. नवे रबर त्याच खरखरीत भिंतीवर घासून पुन्हा फाटते.

हवा काढताना स्लेव्हवरील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून ऑइल आणि बुडबुडे बाहेर सोडायचे, निपल बंद करायचा आणि मगच पेडल सोडायचे. क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते. टाकी मधेच रिकामी झाली तरी तेच. जुन्या मास्टरवर हे काम करताना पेडल दाणदाण तळापर्यंत आपटू नये. रोजच्या वापरात पिस्टन जिथे पोहोचत नाही, तिथला गंज आणि गाळ रबर कापू शकतो.

नावात ‘ऑइल’ असले तरी ब्रेक ऑइल हे खनिज तेल नव्हे. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे. चुकून इंजिन ऑइल गेले तर आतले रबर फुगून सगळी यंत्रणा बदलावी लागते. शिवाय ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

चुकीच्या निदानाची किंमत किती?

एमएक्स-५ मध्ये स्लेव्ह बदलायला दोन बोल्ट, एक पाइप आणि हवा काढण्याचे काम. गिअरबॉक्स उतरवायचा तर एग्झॉस्टचा भाग, मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट, हे सगळे काढावे लागते. चौकट परत बसवताना कोन चुकला तर गाडीत नवाच थरथराट येतो.

इतर जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हे अंतर आणखी रुंदावते. ब्रिटिश एमजीबीचा क्लच बदलण्यासाठी साधारणपणे इंजिनच बाहेर काढावे लागते. ट्रायम्फ स्पिटफायरचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून, मधले आवरण काढून बाहेर घेतात. पोर्शे ९४४ मध्ये क्लच पुढे इंजिनपाशी, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोघांना जोडणारी लांब नळी मध्ये. तिथल्या क्लचपर्यंत पोहोचायला मागचा गिअरबॉक्स उतरवून ती नळी मागे सरकवावी लागते. एवढे काम झाल्यावर दोष स्लेव्हमध्येच होता असे कळले तर मजुरी परत मिळत नाही. उलट नवी प्लेट बसवूनही गिअर अडतोच आणि मालक तीच शंका घेऊन दुसऱ्या गॅरेजच्या दारात उभा राहतो.

तशीच चालवत राहिल्यास?

काही दिवस चालते, पण त्याचे बिल गिअरबॉक्स भरतो. क्लच अर्धवट सुटत असताना प्रत्येक गिअरला सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा फिरता शाफ्ट जबरदस्तीने थांबवतात. त्या वेगाने झिजतात आणि पुढे क्लच दुरुस्त केला तरी गिअरची खरखर कायम राहते. जुन्या मॉडेलच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग शोधणे हे सिलिंडर शोधण्यापेक्षा खूप अवघड असते. सुरक्षेचा प्रश्न वेगळाच. गिअरमध्ये उभी असलेली आणि क्लच दाबूनही न सुटणारी गाडी ब्रेकवरील पाय सैल होताच पुढे जाते. अशी गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्येच ठेवावी आणि शक्यतो टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर मालकाने ‘क्लच गेला’ एवढेच सांगू नये. बंद इंजिनावर गिअर पडतो का, पंप केल्यावर फरक पडतो का, टाकीतील पातळी घटली का आणि स्लेव्ह किती मिलिमीटर सरकतो, ही चार उत्तरे सोबत न्यावीत. पहिल्या तीन उत्तरांना पैसा लागत नाही आणि चौथ्याला एक पट्टी पुरते. ती हातात असतील, तर गिअरबॉक्स उतरवण्याची गरज आहे की नाही याचा निर्णय अनुभवावर किंवा अंदाजावर सोडावा लागत नाही.